करातवाली लेरीना

आमच्या बेटाच्या किटी भागात लेरीनाला कुणी नुसतं लेरीना म्हणत नसे. करातवाली लेरीना म्हणत. आधी हे नाव चिडवायला पडलं, मग कौतुकाचं झालं. पुढे अशी वेळ आली की त्या नावानं कुणी हाक मारली तर ती ऐकलंच नाही असं दाखवून पाय उचलून चालू लागे.

करात म्हणजे प्रशांत महासागरातल्या आमच्या पोनपेई बेटावरचं जुनं केळं. जाड, आखूड, आणि आतला गर हळद कालवल्यासारखा पिवळाधमक. इतर केळींचा घड खाली लोंबतो, करातचा आभाळाकडे तोंड करून उभा राहतो. लेरीनाच्या लहानपणी बाळाला दात यायच्या आत त्याच्या तोंडात करात जायचं. आया चमच्यानं गर खरवडून भरवायच्या. तिलाही तिच्या आईनं असंच वाढवलं होतं. मग जहाजांतून तांदूळ आला. डब्यातले मासे आले, गोठवलेल्या टर्कीच्या शेपट्या आल्या, नूडल्सची पाकिटं आली. शाळेत जेवण मिळू लागलं तेही भाताचंच. बघता बघता भात खाणारा तो शहाणा आणि केळी उकडून खाणारा तो रानटी, असं होऊन बसलं. लेरीना कोलोनिया शहरातल्या मोठ्या शाळेत शिकायला राहिली तेव्हा आई दर आठवड्याला करातची टोपली पाठवायची, आणि लेरीना ती वाटेतच कुणाच्या तरी डुकरांपुढे ओतून मोकळी व्हायची. मैत्रिणींपुढे मान खाली जायला नको म्हणून.

तिच्याबरोबर त्याच शाळेत योस्को होती. दोघी एकाच कुळातल्या. आमच्याकडे कूळ आईकडून चालतं, त्यामुळे घरं वेगळी असली तरी त्या बहिणीच. लेरीना बोलायची आणि योस्को ऐकायची, अशी ती जोडी. लेरीनानं टोपली ओतली की योस्को दोनचार केळी पटकन उचलून झग्याच्या घोळात टाकायची.

“फेकवत नाही गं मला,” ती म्हणायची.

“मग खा. हो बाळ पुन्हा,” लेरीना म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

पुढे दोघींची लग्नं झाली, दोघी पुन्हा किटीत आल्या. लेरीनाचा नवरा कासियानो रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. ताटात भात नसला तर जेवलोच नाही म्हणायचा. योस्कोचा नवरा पेर्नादो मासेमार, बोलायला तिच्याहूनही गरीब. त्यांना एकच मुलगी, सेनोलिना. ती मोठी होऊन अमेरिकेत, कॅन्सस सिटीत नोकरीला गेली आणि घरात नवराबायको दोघंच उरली.

लेरीनाची चाळिशी उलटली तोवर गावात मरणाऱ्यांची वयं खाली यायला लागली होती. कुणी साखरेनं, कुणी काळजानं, कुणी त्या आजारानं ज्याचं नाव घेताना बायका आवाज खाली आणतात. त्याच सुमारास कोलोनियातल्या एका ऑफिसानं रेडिओवर सांगितलं की बेटावरच्या जुन्या अन्नाबद्दल गावोगाव बोलणारी माणसं हवी आहेत. लेरीना गेली ती निव्वळ बोलायला मिळेल म्हणून. तिनं स्वतःच पुढे तसं कबूल केलं होतं.

ऑफिसात एल्तिन नावाचा पोषणाचा अधिकारी होता. शांत माणूस, प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबणारा. त्यानं तिच्यापुढे करात कापून ठेवलं आणि समजावलं.

“हा पिवळा रंग म्हणजे कॅरोटीन. पपईत असतं, केवड्याच्या फळात असतं. हिरव्या पाल्यातही असतं, हिरव्याखाली लपलेलं. शरीर त्यातून अ जीवनसत्त्व बनवतं, डोळ्यांना लागतं, पोरांच्या वाढीला लागतं. आणि असलं अन्न रोज खाणाऱ्या लोकांत काही प्रकारचे कॅन्सर कमी दिसतात.”

“म्हणजे करात खाल्लं की कॅन्सर होत नाही?”

“तसं नाही म्हणालो मी. कमी दिसतात, एवढंच. कदाचित या रंगामुळे, कदाचित चोथ्यामुळे, कदाचित ती माणसं विड्या कमी ओढतात म्हणूनही असेल. पक्कं कुणालाच माहीत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांना याच रंगाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तर आजार उलट वाढला. म्हणून गोळ्या नाही, अन्न सांगायचं. आणि शेवटी न चुकता सांगायचं, की अंगावर गाठ दिसली, जखम बरी होईना, तर आधी हॉस्पिटल. ते खाण्यानं जात नाही.”

लेरीनानं हे शब्दन् शब्द पाठ केलं. पहिल्या गावात, चावडीच्या छपराखाली, जसंच्या तसं म्हणूनही दाखवलं. मधल्या मोकळ्या जागेत पुरुष दगडावर साकावची मुळं कुटत होते, गुंगी आणणारं पेय करायला. दगडांचा तो टणटणाट आणि तिचे ‘कदाचित’. म्हातारे पेंगायला लागले. त्यातला एक मधेच डोळे उघडून म्हणाला, “कदाचित पाऊस येईल, कदाचित नाही येणार, हे सांगायला कोलोनियाहून बाई कशाला पाठवली?”

सगळी चावडी हसली. लेरीनावर लोक हसले असं आजवर झालं नव्हतं. तीच लोकांना हसवायची. घरी येईपर्यंत तिचे कान लाल होते.

पुढच्या गावी तिनं कागद पिशवीतून बाहेर काढलाच नाही. करात खाल्लं की लघवी पिवळीजर्द होते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं तिथूनच सुरुवात केली.

“बायांनो, नवरा म्हणाला केळं खाल्लं, तर विश्वास ठेवू नका. त्याच्या मागोमाग झाडापर्यंत जा आणि बघा!”

बायका तोंडाला हात लावून हसल्या. पुरुषांचे दगड थांबले. मग ती भाताकडे वळली, “पांढराफटक, त्यात जीव कुठला!” म्हणाली, मग टर्कीच्या शेपटीकडे वळली, “टर्कीला स्वतःलाच नको झालेला भाग तुम्ही विकत आणता!” आणि हशा टिपेला पोचला तेव्हा करातचा घड दोन्ही हातांनी वर उचलून म्हणाली, “हे खा. कॅन्सर तुमच्या दारातून परत जाईल.”

टाळ्या पडल्या. ‘कदाचित’ हा शब्द त्या दिवशी गळाला. नंतरच्या गावी ‘काही प्रकारचे’ गळलं. गाठीचं आणि हॉस्पिटलचं वाक्य शेवटचं, आणि शेवटाला पुरुषांच्या हाती साकावच्या करवंट्या आलेल्या, बायका चुलींकडे वळलेल्या. कोण ऐकणार म्हणून ते तसंच राहून जाई. तिनं मुद्दाम काहीच काढलं नव्हतं. पण लोक कुठे हसतात आणि कुठे जांभई देतात हे बघून बघून बोलणं घडत जातं, तसं ते घडलं.

एल्तिन एकदा मागच्या रांगेत बसून ऐकून गेला. गाडीत बसताना म्हणाला, “लेरीना, तुम्ही फार पुढे जाता.”

“पण सर, लोक लावतायत ना? करातच्या मुनव्यांना मागणी आलीय. तुमच्या कागदानं एक तरी रोप लागलं होतं?”

एल्तिन थोडा थांबला आणि काही बोलला नाही. मुनव्यांना मागणी आली होती हे खरंच होतं. घराघरांच्या मागे करात उभं राहत होतं, रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पिवळे घड दिसू लागले होते. कासियानोसुद्धा कुरकुरत का होईना, भाताशेजारी एखादं उकडलेलं केळं घेऊ लागला होता.

आणि योस्को. योस्कोनं तर घरामागचा सगळा उतार करातनं भरून टाकला. सकाळी उठल्याबरोबर ती केळी खाई, दुपारी खाई, संध्याकाळी पेर्नादो मासे आणी त्यांच्याबरोबर खाई. लेरीनाच्या जवळपासच्या गावांतल्या प्रत्येक सभेला ती येई आणि तीच ती गंमत पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसे. लेरीनाला ते फार आवडे. बोलणाऱ्याला असा एक चेहरा समोर लागतो.

नीरफणस पिकायच्या दिवसांत एकदा त्यांच्याच गावच्या चावडीत सभा भरली. गर्दी चिक्कार, बाहेरगावचे पाहुणेही आलेले. लेरीना बोलत असताना तिचं लक्ष योस्कोच्या हातांकडे गेलं. तळवे पिवळे पडले होते. खूप कॅरोटीन पोटात गेलं की असं होतं, त्यात धोका काही नसतो, असं एल्तिननं सांगितलेलं तिला आठवलं.

“योस्को, ये इकडे! ये, लाजतेस काय!” तिनं तिला हात धरून मधे ओढलं आणि तिचे दोन्ही तळवे उघडून लोकांना दाखवले. “बघा! हा रंग बाहेरून लावलेला नाही. ही बाई आतून अशी झालीय. आता हिच्या वाटेला कुठला आजार जाईल, सांगा!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. योस्को मान खाली घालून हसत उभी राहिली, तळवे तसेच वर धरून. त्यातला उजवा हात तिला पुरता उचलवत नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लेरीनाच्याही नाही.

सभा संपल्यावर लोकांनी लेरीनाला गराडा घातला. कुणाला मुनवे हवे होते, कुणाला फोटो. योस्को गर्दीतून वाट काढत जवळ आली.

“लेरी, एक विचारू?”

“विचार ना.”

“एखादीला आधीच काही असलं… म्हणजे बारीकसं. तर तेही विरघळतं का यानं?”

पाहुण्यांतली एक बाई तेवढ्यात लेरीनाची बाही ओढत होती. “विरघळेल की! का नाही विरघळणार?” लेरीना म्हणाली. “खात राहा म्हणावं तिला.” आणि ती त्या बाईकडे वळली.

हे बोलणं घडलं याचीसुद्धा तिला नंतर कितीतरी महिने आठवण नव्हती.

त्यानंतर योस्को सभांना यायची कमी झाली. लेरीनाला वाटलं, पेर्नादोच्या भावाचं मयत झालंय, घरात पाहुणे असतील. ती स्वतःही घरी कुठे असायची? आज माडोलेनीमला, उद्या सोकेसला. ऑफिसची गाडी यायची आणि ती जायची. वाटेत योस्कोचं घर लागे. खिडकीतून हात हलवायचा, पुढे जायचं. पुन्हा पुढल्या सालचे नीरफणस पिकायला आले.

एका सकाळी ती कपडे घेऊन नदीवर गेली तर योस्को आधीच तिथे होती, खालच्या अंगाला, एकटी. पाण्यात बसून एका हातानं कपडे चोळत होती. दुसरा हात मांडीवर ठेवलेला, कोपरापासून बोटांपर्यंत सुजून गच्च झालेला.

“अगं बाई! हाताला काय झालं? माशाचा काटा लागला?”

“नाही गं. सुजलाय.”

“किती दिवस? बघू.”

योस्कोनं मान हलवली. लेरीना तिच्याजवळ पाण्यात बसली. आंबूस वास आला. लेरीनानं काही न विचारता तिच्या खांद्यावरचा झग्याचा पट्टा खाली केला, आणि योस्कोनंही अडवलं नाही. उजव्या स्तनाची कातडी दगडासारखी झाली होती, संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडलेली, आणि मधोमध जखम. जखमेवर कसलंसं पान चिकटवलेलं.

लेरीनानं पट्टा पुन्हा वर केला.

“कधीपासून हे?”

“मागचे नीरफणस यायच्या आधीपासून. तेव्हा वाटाण्याएवढं होतं.”

“आणि मला बोलली नाहीस? मला, योस्को?”

“बोलले की,” योस्को साधेपणानं म्हणाली. “त्या दिवशी, चावडीत. तू म्हणालीस, विरघळेल.”

दुसऱ्या दिवशी लेरीना तिला घेऊन कोलोनियाच्या हॉस्पिटलात गेली. डॉक्टर तरुण होता, नीट वागला. तपासलं, फोटो काढले, आणि मग लेरीनाला बाहेर बोलावून सांगितलं की आजार हाडांपर्यंत पोचलाय. बेटाबाहेर मोठ्या हॉस्पिटलात पाठवून उपयोग होईल अशी वेळ निघून गेलीय. आता दुखणं कमी करत राहायचं.

“आधी आणलं असतं तर?” लेरीनानं विचारलं.

डॉक्टरनं हातातल्या फोटोकडे पाहिलं. “आधी आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं,” तो म्हणाला.

योस्कोनं घरीच राहायचं ठरवलं. सेनोलिनाला कॅन्ससला निरोप गेला. तिकिटाची, रजेची खटपट करून ती यायला वेळ लागणार होता. तोवर लेरीना रोज सकाळी जाऊन बसायची. जखम पुसायची, पाठ चोळायची. गावात तिला कुणी काही बोललं नाही. उलट बायका म्हणायच्या, “लेरीना आहे म्हणून. नाहीतर योस्कोचं एवढं कुणी केलं असतं?” ते ऐकताना तिला उठून पळावंसं वाटे.

शेवटी एका दुपारी, पेर्नादो होडी ओढायला गेलेला असताना, तिनं धीर केला.

“योस्को, मी तुला चुकीचं सांगितलं. केळ्यात चांगलं असतं, पण गाठ विरघळवणारं नसतं. मला एल्तिनसरांनी नीट सांगितलं होतं. गाठ असली तर आधी हॉस्पिटल, असं सांगायचं होतं मी. सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं.”

योस्को छताकडे बघत पडली होती. ती तशीच म्हणाली, “दिराचं मयत झालं ना, तेव्हा सगळा वेळ भातच होता घरात. मी पण भातच खाल्ला. तिथं चुकलं माझं.”

“अगं नाही! तुझं काही चुकलं नाही. ऐक माझं…”

“लेरी, नको ना.” तिनं डावा हात लेरीनाच्या मनगटावर ठेवला. “रोज सकाळी उठून खाल्लं मी ते. मळमळलं तरी खाल्लं. खाताना वाटायचं, आज थोडं कमी झालं असेल. आता तू म्हणतेस त्यात काही नव्हतं. मग इतके दिवस मी काय करत होते?”

लेरीनानं तिच्या पाठीखालची उशी सारखी केली.

“दे एखादं कुस्करून,” योस्को म्हणाली. “भूक लागलीय.”

लेरीनानं केळं सोललं, वाटीत कुस्करलं आणि तिला भरवलं. दोनतीन घास गेले. ती माफी मागायला आली होती आणि माफी मागायची सोयसुद्धा तिच्याकडून काढून घेतली गेली होती. आणि असं वाटून घेण्याचा हक्क आपल्याला आहे का, तेही तिला कळत नव्हतं.

सेनोलिना आली त्यानंतर योस्को फार दिवस काढू शकली नाही. मयताला सगळं किटी लोटलं. तांदळाच्या गोण्यांचा ढीग लागला, टर्कीच्या शेपट्यांची खोकी आली, डुकरं आली, कंद आले. लेरीना चुलींपाशी राबत राहिली. कुणीतरी म्हणालं, “बोल की लेरीना दोन शब्द, तुझी बहीणच ती.” ती उठली नाही.

चार दिवसांनी तिनं कासियानोला सांगितलं, “मला पेर्नादोच्या घरी माफीचा साकाव न्यायचाय.”

आमच्याकडे मोठा अपराध घडला की अपराधी साकावचं झाड मुळासकट उपटून घेऊन दुखावलेल्याच्या दारी जातो. तिथे ते कुटतात, आणि समोरच्यानं करवंटी तोंडाला लावली की माफ केलं असं धरतात. खून झाले तिथंही हे झालेलं आहे.

कासियानो दचकला. “वेड लागलंय का तुला? लोक म्हणतील तूच मारलीस तिला.”

“म्हणू देत.”

“पण कुणी म्हणत नाहीये ना! कशाला ओढवून घेतेस?”

“कुणी म्हणत नाहीये म्हणूनच.”

तो कुदळ घेऊन मागे गेला आणि सरदाराच्या मेजवानीसाठी वर्षानुवर्षं राखलेलं आपलं सगळ्यात मोठं झाड खणून काढलं. एवढ्या वर्षांच्या संसारात लेरीनाला त्याच्याबद्दल कधी वाटली नव्हती तेवढी माया त्या सकाळी वाटली.

पेर्नादोनं अंगणात झाड पाहिलं आणि तो गोंधळलाच. “कसली माफी? तू तर तिला जगवत होतीस.”

“नाही पेर्नादो. मी तिला घरी बसवलं.”

“असलं बोलू नये,” तो म्हणाला. पण रीत ती रीत. चार माणसं बोलावली, झाड कुटलं. लेरीना खाली मान घालून जमिनीवर बसली होती. पहिली करवंटी पेर्नादोच्या हाती आली. त्यानं डोळे मिटले आणि तो प्याला. तिला ओशाळं वाटू नये म्हणून प्याला, हे दिसत होतं.

मग करवंटी सेनोलिनाकडे गेली. तिनं ती हातात धरली, पण तोंडाला लावली नाही.

“आईनं तुला विचारलं होतं?” तिनं विचारलं.

“हो.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“विरघळेल, म्हणाले.”

“ती स्वतःबद्दल विचारतेय हे कळलं होतं तुला?”

“नाही,” लेरीना म्हणाली. मग म्हणाली, “कुणाबद्दल विचारतेस, हेही मी विचारलं नाही.”

“मी तिला फोनवर सांगत होते. खांदा दुखतो म्हणायची. मी म्हणायची, डॉक्टरकडे जा, जा गं आई. ती म्हणायची, लेरीला विचारलंय मी.” सेनोलिनाचा आवाज चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. “दर वेळी हेच. लेरीला विचारलंय. तिला काय कमी कळतं का?”

सेनोलिनानं करवंटी खाली, चटईवर ठेवली.

“बाबा प्याले,” ती म्हणाली. “तेवढ्यात माझंही आलं असं समज.” पायऱ्या चढून जाता जाता ती थांबली. “नको. समजू नकोस.”

पुढच्याच विमानानं ती परत गेली. त्यानंतर बेटावर आली नाही. पेर्नादोला पैसे पाठवते, सणावाराला फोन करते. लेरीनाची चौकशी करत नाही.

लेरीना एल्तिनकडे गेली आणि म्हणाली, आता मला बोलायला पाठवू नका. एल्तिननं सगळं ऐकून घेतलं. “मीही त्या दिवशी गाडीत गप्प बसलो,” तो म्हणाला. मग नेहमीसारखा थांबून म्हणाला, “बंद केलंत तर आधी ऐकून गेलेली माणसं तसंच धरून बसतील. त्यांना दुसरं कोण सांगणार?”

म्हणून ती पुन्हा हिंडली. ज्या ज्या गावात टाळ्या घेतल्या होत्या तिथे तिथे गेली. आता ती आरंभालाच उभी राहून सांगे की गाठ, न भरणारी जखम, विनाकारण रक्त, असलं काही असेल तर आधी हॉस्पिटल. केळ्याची वाट बघू नका. मी पूर्वी सांगितलं ते जास्तीचं होतं. मग करातबद्दल, पपईबद्दल, पाल्याबद्दल, जेवढं खरं तेवढं. लोक ऐकून घेत, पण मधेच कुणीतरी, “ते झाडामागचं सांग की!” असं ओरडे, आणि तिनं सांगितलं नाही की उठून जात. वर्षादोन वर्षांत ऑफिसचा निधी आटला आणि गाडी यायची थांबली. टपऱ्यांवर करात अजून मिळतं. शहरातल्या बायका मुद्दाम गाडी थांबवून घेतात. लेरीनाच्याच बोलण्यानं ते तिथवर आलंय हे सगळे मानतात, आणि बाळांना ते पुन्हा मिळतंय ही गोष्ट चांगलीच आहे. ती मात्र टपरी आली की दुसरीकडे बघते.

ती आता सभा घेत नाही, पण कुठल्या बाईला काही दुखतंखुपतं असं कानावर आलं की तिच्या दारी जाऊन बसते. बाई लाजते, टाळते, उद्या म्हणते. लेरीना उठत नाही. परवाच तिनं आदेल्पा नावाच्या शेजारणीला असंच काखेतल्या गाठीसाठी जवळजवळ ओढत कोलोनियाला नेलं. सकाळी पिकअपच्या मागे बसून गेल्या, बाकावर नंबर लावला, डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुईनं पाणी काढून पाहिलं आणि सांगितलं की साधी गाठ आहे, घाबरू नका. ऊन उतरायच्या आत दोघी परतीच्या पिकअपमध्ये होत्या.

आदेल्पा वाटभर चिडचिड करत होती. “साधी गाठ! एवढ्यासाठी दिवस मोडलास माझा. घरी कपडे तसेच पडलेत, नवरा उपाशी बसला असेल. तुला काय, तुला नाही कामधंदा!”

लेरीना ऐकत होती. योस्कोच्या घराशी पिकअप हळू झाला. पेर्नादो पायरीवर जाळं विणत बसला होता. त्यानं हात वर केला, तिनंही केला. घरामागच्या उतारावर केळी माजल्या होत्या, घड झाडावरच पिकून पक्षी टोचत होते. हाच रस्ता, हॉस्पिटलातला तोच बाक, अर्धा दिवस लागला असता. ऑफिसची गाडी तर त्या हॉस्पिटलच्या फाटकावरूनच जायची, कितीदा तरी, आणि आत एक जागा नेहमी रिकामी असायची.

“ऐकतेयस का मी काय म्हणतेय ते?” आदेल्पानं तिला कोपरानं ढोसलं.

“ऐकतेय,” लेरीना म्हणाली. “बोल तू.”